फॅरो शफल शिकायचा आहे : पत्ते, पुस्तके आणि सराव यांविषयी सल्ला हवा

इस्पिकराणी

नमस्कार मंडळी. पत्त्यांच्या जादूतील फॅरो शफल, म्हणजे कॅटचे बरोबर २६-२६ असे दोन भाग करून ते एकाआड एक पत्ता येईल अशा रीतीने एकमेकांत गुंफण्याची पद्धत, मला शिकायची आहे आणि त्यासाठी येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे. ओव्हरहँड पिसणे, करंगळीने धरलेला ब्रेक (पत्त्यांत राखलेली बारीक फट), डबल लिफ्ट (दोन पत्ते एकच म्हणून उचलणे) आणि एक-दोन खोटे काट (कापल्याचे भासवून क्रम तसाच ठेवणे) एवढे मला घरच्यांसमोर निभावून नेता येते. फॅरोकडे मी वळले ती त्यामागच्या गणितामुळे. सलग आठ बिनचूक आउट-फॅरो, म्हणजे वरचा पत्ता वरच राहील असे फॅरो, केले की सगळा कॅट मूळ क्रमावर येतो, हे वाचल्यापासून ते आपल्या हातांनी घडवून पाहावे असे मनात आहे.

अडचण अशी की, पहिले पाच-सात पत्ते नीट गुंफले जातात आणि त्यापुढे दोन-दोन, तीन-तीन पत्ते एकत्रच आत शिरतात. जोर लावला तर कोपरे दुमडतात आणि तो कॅट रमीलाही उपयोगी राहत नाही. माझ्याकडे सध्या रमीसाठी आणलेले प्लास्टिकचे पत्ते आहेत. ते बदलावेत का, पुस्तकावरून शिकावे की व्हिडिओ पाहून, आणि हा प्रकार हाती घेण्यापूर्वी आणखी काही पक्के करायला हवे का, याविषयी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

किलवरगुलाम

तुमच्या वर्णनावरून दोष बोटांत नसून पत्त्यांच्या कडांत आहे, असे मला वाटते. बहुतेक नवशिके फॅरो म्हणजे बोटांची कसरत समजून जोर वाढवत जातात. प्रत्यक्षात दोन्ही गड्ड्यांच्या कडा काटेकोर सपाट असतील आणि योग्य कोनात भेटतील तर पत्ते जवळजवळ आपोआप एकमेकांत शिरतात, आणि तसे नसेल तर कितीही ताकद लावली तरी शिरत नाहीत.

प्रथम पत्त्यांविषयी. प्लास्टिकचे पत्ते या कामासाठी बाजूला ठेवावेत, कारण ते फार घसरतात आणि वाकवल्याबरोबर उसळून सरळ होतात, त्यामुळे कोपऱ्यावर जो हलका ताण धरून ठेवावा लागतो तो टिकत नाही. ‘बायसिकल’ या ब्रँडसारखे कागदी पत्ते घ्यावेत. त्यांच्या पृष्ठभागावर बारीक खळगे उठवलेले असल्यामुळे पत्ते एकमेकांवर हवे तेवढेच सरकतात. नवा कोरा कॅट पहिल्या दिवशी थोडा हट्टी वाटतो, काही दिवस नेहमीसारखा पिसून वापरला की तो मऊ पडतो. त्यानंतरचा काही काळ फॅरोसाठी सर्वांत चांगला असतो. कडा मळून फुगल्या की तो कॅट रमीकडे वळवावा.

आता जी गोष्ट क्वचितच कोणी सांगते ती सांगतो. कारखान्यात पत्ते कापताना पाते ज्या बाजूने आत शिरते त्या बाजूची कड किंचित गोलसर होते आणि ज्या बाजूने बाहेर पडते त्या बाजूची किंचित खरखरीत राहते. त्यामुळे एकच कॅट एका दिशेने गुंफताना लोण्यासारखा चालतो आणि उलट दिशेने गुंफताना अडतो. तुम्ही वरून खाली गुंफत असाल तर तळाकडून वर गुंफून पाहा, किंवा सगळा कॅट चित्रे वर येतील असा उलटा करून पाहा. काही पत्त्यांत फरक इतका असतो की, आपल्याला जमत नव्हते की पत्त्यांना, असा प्रश्न पडावा. (सावंतवाडीच्या गोल गंजिफांना कोपराच नसतो, त्यामुळे दशावतारी संचाचे १२० पत्ते घेऊन हा उद्योग करण्याचे कोणी मनात आणू नये.)

पकडीविषयी थोडे. काट घेतल्यावर वरची गड्डी उजव्या हातात आणि खालची डाव्या हातात घेऊन दोन्हींच्या आखूड बाजू टेबलावर हलकेच ठोकाव्यात, आणि हे ठोकणे कंटाळा न करता दर वेळी करावे. मग त्या बाजू समोरासमोर आणून डाव्या तर्जनीने खालच्या लांब कडेला आधार द्यावा, म्हणजे दोन्ही गड्ड्या एका रेषेत राहतात. सगळी कड एकदम भिडवू नये. उजवी गड्डी अगदी थोडी तिरकी धरली की फक्त कोपरे टेकतात. त्या कोपऱ्यांवर हलका दाब ठेवून हात केसभर मागेपुढे डोलवला की पत्ते एकेक करून सुटतात आणि गुंफण कोपऱ्याशी सुरू होते. कोपरा पूर्ण गुंफला गेल्याची खात्री झाल्यावरच गड्ड्या सरळ रेषेत आणून आत ढकलाव्यात. तुमचे पाच-सात पत्ते जाऊन पुढे गठ्ठे शिरतात, याचा अर्थ बहुधा असा की, पहिले पत्ते सुटताच तुम्ही ढकलायला सुरुवात करता आणि उरलेल्या कोपऱ्यांना सुटण्याची संधीच मिळत नाही.

तुम्ही मुंबई-कोकण पट्ट्यात राहत असाल तर पावसाळ्यात कागदी पत्ते दमट होऊन कमानीसारखे वाकतात. कॅट क्लिपमध्ये किंवा दोन जाड पुस्तकांच्या मध्ये दाबून ठेवावा. वाकलेल्या पत्त्यांवर फॅरोचा सराव करणे म्हणजे निव्वळ मनस्ताप आहे.

शेषगणित

वरील प्रतिसादातील यांत्रिक बाजूशी सहमत आहे. मी सराव कसा तपासावा एवढेच लिहितो, कारण या प्रकारात आपली चूक आपल्या लक्षात येत नाही आणि सहाव्या-सातव्या फेरीनंतर सगळा क्रम कोलमडला की नेमके कोठे बिनसले ते कळत नाही.

पहिल्या टप्प्यावर आठ फेऱ्यांचा हट्ट धरू नये. सगळे लाल पत्ते वर आणि सगळे काळे खाली ठेवावेत. काट बरोबर झाला की रंगाच्या सीमेवरच होतो, त्यामुळे २६ चा अंदाज चुकला तर लगेच दिसतो. एक आउट-फॅरो, म्हणजे वरचा पत्ता वरच आणि तळाचा तळाशीच राहील असा फॅरो करून पत्ते टेबलावर पसरले की लाल-काळे एकाआड एक आले पाहिजेत. एक रंग दोनदा लागोपाठ आला तर तेथेच गठ्ठा शिरलेला आहे. तसाच दुसरा आउट-फॅरो केला की दोन लाल, दोन काळे अशा जोड्या पडतात. एवढे विनासायास होऊ लागले की मग पुढे जावे.

दुसरी कसोटी मला विशेष आवडते. आउट-फॅरोत वरून १८ वा पत्ता ३५ व्या जागी जातो आणि ३५ वा १८ व्या जागी येतो, म्हणजे हे दोन पत्ते दर फेरीला फक्त आपसांत जागा बदलतात. या दोन जागी काळे एक्के ठेवून फॅरो करा आणि मोजून पाहा. एक्के जागेवर असतील तर पुढची फेरी करायला हरकत नाही.

आठ फेऱ्यांचे कारणही सांगून टाकतो. सर्वांत वरच्या पत्त्याला ० क्रमांक दिला तर आउट-फॅरोत प्रत्येक पत्त्याचा क्रमांक दुप्पट होतो आणि ५१ च्या पुढे गेला तर त्यातून ५१ वजा होतात. आठ वेळा दुप्पट म्हणजे २५६ पट, आणि २५६ ला ५१ ने भागले की बाकी १ उरते. तळाचा पत्ता तर जागचा हलतच नाही. इन-फॅरोत, म्हणजे वरचा पत्ता दुसरा होतो त्या प्रकारात, हेच गणित ५३ वर चालते आणि कॅट मूळ क्रमावर यायला तब्बल ५२ फेऱ्या लागतात. गंमत अशी की, त्यातल्या २६ फेऱ्या झाल्यावर सगळा कॅट बरोबर उलट्या क्रमात असतो.

ब्रिटिश जादूगार अॅलेक्स एल्म्सली हे संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत, आणि १९५० च्या दशकात त्यांनी दाखवून दिले की, सर्वांत वरचा पत्ता हव्या त्या जागी नेण्यासाठी त्याच्यावर जितके पत्ते यायला हवेत ती संख्या द्विमान (बायनरी) पद्धतीत लिहावी आणि १ साठी इन व ० साठी आउट असे फॅरो करावेत. वरच्या पत्त्यावर १० पत्ते आणायचे असतील तर १० म्हणजे १०१०, म्हणून इन, आउट, इन, आउट. चार फेऱ्यांत तो पत्ता वरून अकरावा येतो. तुम्हाला गणिताची ओढ आहे म्हणून सुचवतो की, बोटे तयार होईपर्यंत हे प्रयोग उलट्या फॅरोने करावेत. कॅटमधील सर्वांत वरच्या पत्त्यापासून एकाआड एक पत्ता अर्धा वर सरकवत जायचे आणि शेवटी वर आलेले सगळे एकत्र ओढून काढून उरलेल्यांवर ठेवायचे. याला हातचलाखी अजिबात लागत नाही, क्रिया फक्त विरुद्ध दिशेने होते. आठ वेळा केले की कॅट याही मार्गाने मूळ क्रमावर येतोच.

दुर्रीतिर्री

मी थोडा वेगळा सूर लावतो. आठ फॅरो करून कॅट मूळ क्रमावर आणणे हा करणाऱ्याला आनंद देणारा प्रकार आहे, पाहणाऱ्याला नव्हे. समोरचा माणूस आठ वेळा पिसणे पाहत बसत नाही. शिवाय तुम्ही मान खाली घालून कोपऱ्यांकडे टक लावून बघत असाल तर येथे काहीतरी शिजते आहे हे शेंबडे पोरही ओळखेल. म्हणून प्रयोगासाठी शिकायचे असेल तर पूर्ण फॅरोऐवजी अर्धवट फॅरोपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्धवट फॅरोत वरचे मोजके पत्ते बिनचूक गुंफले गेले की पुरते, मग मधल्या-खालच्या भागात दोन-दोन पत्ते एकत्र गेले तरी बिघडत नाही आणि काट २६ वर असण्याचीही गरज नसते. उदाहरणार्थ, चार एक्के वर ठेवलेले आहेत आणि चौघांच्या खेळात ते चौथ्याला, म्हणजे वाटणाऱ्याला, मिळायला हवेत. वरचे दहा-बारा पत्ते दोनदा इन-फॅरोने नीट गुंफले गेले की एक्के वरून चौथ्या, आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या जागी येतात. तुमचे पहिले पाच-सात पत्ते आजच नीट जातात, म्हणजे तुम्ही येथपर्यंत जवळजवळ पोहोचलेल्या आहात. गुंफण मात्र वरच्या टोकाकडून सुरू झाली पाहिजे, एवढे लक्षात ठेवावे.

पुस्तकांबद्दल विचारले आहे. रॉबर्टो जॉबी यांचे पाच खंडांचे ‘कार्ड कॉलेज’ हे क्रमवार शिकणाऱ्यासाठी मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. गणिताच्या अंगाने जायचे असेल तर पर्सी डायकोनिस आणि रॉन ग्रॅहम यांचे २०११ चे ‘मॅजिकल मॅथेमॅटिक्स’ जरूर वाचावे. डायकोनिस हे चौदाव्या वर्षी घर सोडून थोर जादूगार डाय व्हर्नन यांच्याबरोबर फिरतीवर गेले आणि पुढे गणिताचे प्राध्यापक झाले, त्यामुळे दोन्हीकडची भाषा त्यांना येते. अर्डनेझचे पत्त्यांच्या हातचलाखीवरचे १९०२ चे प्रसिद्ध पुस्तक तुम्हाला कोणीतरी सुचवीलच. ते स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, फुकट मिळते आणि अभिजात आहे, पण फॅरोसाठी त्याच्याकडे जाण्याचे कारण नाही. व्हिडिओचा उपयोग एकच : हातांचा कोन आणि दाब किती कमी असतो ते डोळ्यांना दिसते. त्यासाठी एकच चांगला व्हिडिओ निवडून तो संथ गतीने पाहावा. दहा जणांच्या दहा पकडी पाहिल्या की आपली एकही बसत नाही.

इस्पिकराणी

सर्वांचे मनापासून आभार. चित्रे वर करून गुंफून पाहिले आणि खरोखरच बराच फरक पडला. काट मात्र लाल-काळ्याच्या सीमेचा आधार नसला की २५ किंवा २७ वर जातो. तो डोळ्यांच्या अंदाजानेच साधायचा का? आणि चुकला हे कळल्यावर लोकांसमोर काय करायचे?

किलवरगुलाम

अंदाज डोळ्यांचाही असतो आणि अंगठ्याचाही. काट घेऊन दोन्ही गड्ड्या टेबलावर शेजारी-शेजारी चिकटवून ठेवा आणि सीमेवरून बोट फिरवा. एका पत्त्याची जाडी साधारण ०.३ मिलिमीटर असते, आणि २५-२७ असा काट झाला तर दोन पत्त्यांची पायरी बोटाला स्पष्ट लागते. मोजण्याआधी दर वेळी ‘वरची जाड’ किंवा ‘वरची पातळ’ असे मनाशी ठरवून मग तपासले तर हात लवकर तयार होतो. दूरदर्शनवर बातम्या चालू असताना हा सराव सहज होतो, त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

लोकांसमोर चूक झाली तर ती गुंफणच सांगते. वरून गुंफत आल्यावर काट एका पत्त्याने चुकलेला असेल तर तळाशी एकाच गड्डीचे दोन पत्ते जोडीदाराविना उरतात. फरक दोन पत्त्यांचा दिसत असला तरी हलवायचा मात्र एकच असतो. गड्ड्या पूर्ण आत ढकलण्यापूर्वीच तेथे नजर टाकण्याची सवय लावून घ्या. दोन पत्ते उरलेले दिसले तर गड्ड्या सोडवून पुन्हा एकावर एक ठेवाव्यात, जोडावरचा ब्रेक डाव्या करंगळीने धरावा आणि दुसरा काट त्या ब्रेकच्या एक पत्ता वर किंवा खाली घ्यावा. दोन पत्ते खालच्या गड्डीचे उरले असतील तर एक पत्ता खाली, वरच्या गड्डीचे उरले असतील तर एक पत्ता वर. पाहणाऱ्याला एवढेच दिसते की, पत्ते नीट बसले नाहीत म्हणून तुम्ही ते पुन्हा पिसायला घेतले, आणि पत्ते पिसताना असे कोणाचेही होते.