गोषवारा, उतारा, फळा : जिनिंगच्या रिपोर्टला मराठी मथळे कोणते?

कापूसकाटा :
हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून रुई काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, कॉम्प्युटरचं काम पाहतो. काटा, खरेदी आणि गाठींच्या विक्रीचं सॉफ्टवेअर जुनंच आहे. त्यावर आता पॉवर बीआय (बीआय म्हणजे बिझनेस इंटेलिजन्स, आकड्यांचे रिपोर्ट दाखवणारं टूल) बसवतोय, म्हणजे शेटजींना रोजचा हिशेब मोबाइलवर दिसेल. डेटाची जोडणी झाली, गाडी अडली ती मथळ्यांवर. मथळ्यांच्या तयार मराठी भाषांतरात 'व्यावसायिक बुद्धिमत्ता अहवाल', 'नियंत्रणफलक' (डॅशबोर्डला), 'उत्पन्न टक्केवारी' असं आहे. आमच्या दिवाणजींनी पडदा पाहिला न् म्हणाले, "कोनाच्या बुद्धीची परीक्षा घेऊन राह्यला बाबू तू?" काही बरे शब्द सुचवा.

अनुवादवाली :
दिवाणजींचं बरोबर आहे, इथे बुद्धीचा संबंधच नाही. इंटेलिजन्स म्हणजे कळलेली बातमी, हा त्या शब्दाचा जुना अर्थ. आपल्या राज्याच्या पोलीस खात्यात 'गुप्तवार्ता विभाग' आहे, 'गुप्तबुद्धिमत्ता विभाग' नाही. 1958 साली आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी 'बिझनेस इंटेलिजन्स सिस्टिम' या नावाचा लेख लिहिला. त्यांना हवी होती ती योग्य माहिती योग्य माणसाकडे आपोआप पोचवणारी यंत्रणा. आपल्याकडचा वाकनीस आठवा, तोही दरबारातल्या घडामोडी टिपून ठेवणारा. 'धंद्याची खबर' म्हटलं तरी अर्थ 'बुद्धिमत्ते'पेक्षा जवळ जातो. पण मथळ्यावर ते नकोच. मथळ्यात आतला मजकूर काय ते सांगावं, यंत्राची जात सांगू नये.

माजी तलाठी :
रिपोर्टला सरसकट अहवाल म्हणू नका. अहवाल हे अरबी 'हाल'चं अनेकवचन, म्हणजे काय परिस्थिती आहे ते वाक्यांत सांगणं. चौकशीचा अहवाल असतो, पाहणीचा असतो. आकड्यांच्या रकान्यांची बेरीज काढून एका पानावर मांडली की तो गोषवारा. आमच्या गाव नमुना 1 चाही गोषवारा असतो. शब्द फारसीतला, तिकडे कानातल्या डुलालाही तेच म्हणतात. लांबलचक वहीच्या कानाला लटकवलेला डूल, असं मी आपलं मनाशी समजून घेतो. व्युत्पत्ती म्हणून कोणी पकडू नये!

कापूसकाटा :
काकाजी, गोषवारा एकदम पटला. दिवाणजींनाही ओळखीचा निघाला.
आता खरी भानगड 'उतारा'. 'उत्पन्न टक्केवारी' काढून मी 'उतारा' टाकलं, कारण एक क्विंटल कापसातून किती किलो रुई निघाली याला कारखान्यात दुसरा शब्दच नाही. पण शेटजींच्या मुलाला वाटलं सातबाऱ्याचा उतारा. गाड्या घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी तो एकरी उतारा. चौरस्त्यावर लिंबू-नारळ ठेवतात तोही उताराच. म्हणून 'रुईचा उतारा' केलं.
आकडा मात्र चुकतच होता. एका लॉटचा 100 क्विंटल कापूस, उतारा 35. दुसऱ्याचा 10 क्विंटल, उतारा 30. पडद्यावर सरासरी 32.5. दिवाणजींनी पेन्सिल घेतली, खरेदी पावतीच्या मागे 3500 अधिक 300 मांडले, 110 ने भागले, 34.5 काढले आणि कागद माझ्यासमोर सरकवला. "उताऱ्याइची बेरीज नको करू. बेरजेचा उतारा काढ."
टूल रकान्यातल्या टक्केवारीची सरळ सरासरी घेत होतं. चूक माझीच, सूत्र मीच दिलं होतं. आता एकूण रुई भागिले एकूण कापूस असं केलं आहे.

संत्रेवाला :
आमच्याकडे असाच घोळ 'आवक'चा होतो. गाडी रात्री 11 ला काट्यावर चढली, रिकामी झाली दुसऱ्या दिवशी सकाळी. काटेवाला भरल्या गाडीची तारीख धरतो, खातेवाला रिकाम्या गाडीचं वजन झाल्यावर निघणाऱ्या पट्टीची, म्हणजे हिशेबाच्या पावतीची. दोघांचे गोषवारे कधी जुळतच नाहीत आणि शिव्या खातो सॉफ्टवेअरवाला. आवक कशाला म्हणायचं ते दोघांना समोरासमोर बसवून आधी ठरवून घ्या भाऊ. जोडणी त्यानंतर.

धानपट्टा :
खंडीचंही बघा. तुमची रुईची खंडी 356 किलोची, म्हणजे जुने 784 पौंड. आम्ही गोंदिया-भंडाऱ्याकडचे लोक धानाची खंडी म्हणतो, तिचं माप वेगळं. जुन्या कोशात खंडी म्हणजे 20 मण आणि बोलताना नुसते वीस नग. गाठ 170 किलोची धरली तर रुईच्या खंडीत दोन गाठी आणि थोडं वर. भावाच्या रकान्यावर 'खंडी' तेवढं लिहून सोडू नका, 'रुई, खंडी 356 किलो' असं लिहा.

अनुवादवाली :
डॅशबोर्डबद्दल एक गंमत. हा शब्द मुळात घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्यावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी. पुढे मोटारीत तिच्या जागी मीटर बसले आणि तिथून तो कॉम्प्युटरमध्ये आला. म्हणजे 'नियंत्रणफलका'त नियंत्रणाचं काही नाहीच, नुसतं पाहायचं असतं. 'फळा' म्हणा की! बाजार समितीत भाव लिहितात तो फळा सगळ्यांनी पाहिलेला आहे.

कापूसकाटा :
'आजचा फळा' केलं आणि चालून गेलं. इतकं की रिफ्रेशचा, म्हणजे आकडे ताजे करण्याचा, शब्द शोधायचं काम वाचलं. चालू डेटाबेसवर थेट रिपोर्ट लावला तेव्हा काट्यावरची पावती निघायला वेळ लागत होता, बाहेर गाड्यांची रांग. म्हणून डेटाची वेगळी प्रत ठेवली, तिच्यावरून फळा भरतो. आमच्या प्रो परवान्यात दिवसाला 8 वेळाच आपोआप रिफ्रेश लावता येतो, ते हर्रासाच्या (लिलावाच्या) वेळा पाहून वाटून दिले. काल दुपारी दिवाणजींचा फोन : "तीन वाजले बाबू, फळा पुसला नाई का अजून?"
आता 'ड्रिल डाउन' उरला. बेरजेवर बोट ठेवलं की आतली फोड उघडते ते बटण. 'खोल जा' लिहिलं तर विहीर वाटते.

माजी तलाठी :
जुन्या हिशेबात बेरीज लिहून खाली फोड द्यायची असली की मध्ये एकच शब्द असायचा. बटणावर 'पैकी' लिहा.