मदत हवी आहे: १३ वर्षांच्या मुलीच्या पाठीला बाक, व्यायाम कुठल्या कुशीवर?

जांबोटी_रोड
मुलगी १३ वर्षं २ महिन्यांची, पाळी सुरू होऊन तीन महिने. एक्स-रेत छातीमागचा बाक उजवीकडे २८ अंश, कमरेतला डावीकडे १७, रिसर (कमरेच्या हाडावरून उरलेली वाढ सांगणारा आकडा, ० ते ५) १. ब्रेसचं, म्हणजे धडाभोवती घालायच्या कडक साच्याचं, माप दिलंय. फिजिओकडे बेळगावला महिन्यातून दोनदाच जाणं जमतं, बाकीचे दिवस घरीच. व्यायामाचा कागद कन्नडमध्ये आहे, त्यात "एडगडे" झोपायला सांगितलंय. पण मोबाइलवरच्या एक्स-रेच्या फोटोत बाक डावीकडे दिसतोय. मग कुठल्या कुशीवर? शाळेत चक्रासन असतं, ते चालेल का?

पाठ_आणि_श्वास
ताई, एडगडे म्हणजे डावीकडे, आणि तुमच्या अहवालाशी ते जुळतं. घोळ फोटोचा असणार. छातीचा नेहमीचा एक्स-रे समोरासमोर उभं राहून बघितल्यासारखा लावतात. पाठीच्या बाकाचा मात्र बरेच जण पाठीमागून बघितल्यासारखा लावतात. फिल्मच्या कोपऱ्यात आर (उजवी बाजू) किंवा एल (डावी) अक्षर असतं, ते बघा. ते उलटं उमटलेलं दिसलं तर फिल्म पालथी धरून फोटो काढलाय.

मग अंगावर खात्री करा. मुलीला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळवे जोडून पुढे वाकवा आणि मागून बघा. उजव्या फऱ्याजवळच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडाजवळच्या) बरगड्या वर आलेल्या दिसल्या की बाजू पक्की. पेनानं कागदावर मोठ्या अक्षरात "उजवी फुगीर, डावी खोल" लिहून भिंतीला चिकटवा. बाजू उलटी झाली तर कष्ट वाया जातातच, शिवाय बाक वाढेल अशाच दिशेनं जोर लागतो.

आता कुशीचा व्यायाम. डाव्या कुशीवर झोपायचं, डाव्या कमरेखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी. ती बरगड्यांखाली सरकली तर उपयोग नाही. बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधेच हवी. उजवा हात समोर स्टुलावर टेकवून डोक्याच्या दिशेला लांब करायचा, उजवा पाय धडाच्या रेषेत उचलायचा. आधी डोक्यापासून टाचेपर्यंत लांब व्हायचं, मग श्वास.

खरं काम श्वासाचं. डाव्या फऱ्याखाली जिथे पाठ खोल आहे तिथे तुमची दोन बोटं ठेवा. नाकानं श्वास घेताना तिनं ती बोटं मागे ढकलायची. बोटं हलली नाहीत आणि खांदा कानाकडे चढला, तर श्वास वरच्या वर गेला. सोडताना दातांतून "स्स्" असा लांब आवाज, आणि तेव्हाच मिळवलेला आकार स्नायू आवळून धरायचा. पाच श्वास, विश्रांती, असं तीन वेळा. दम कोंडून जोर लावू देऊ नका.

उताणं झोपून करताना तांदळाच्या छोट्या पिशव्या वापरा, २००–२५० ग्रॅमच्या: एक उजव्या फुगीर बरगड्यांखाली, एक डाव्या कमरेखाली. जाडी किती, हे फिजिओंनी एकदा हातानं बसवून द्यायला हवं. फक्त वरचाच बाक सरळ करत राहिलात तर कमरेतला वाढू शकतो. रोज ३० ते ४५ मिनिटं, दोन वेळांत विभागलीत तरी चालेल. पुढच्या भेटीला मुलगी व्यायाम करतानाचा मागून काढलेला व्हिडिओ न्या, सेल्फी कॅमेऱ्यानं नको. त्यात डावं-उजवं बदलू शकतं.

चक्रासन आणि कमाल मर्यादेपर्यंतचं भुजंगासन सध्या थांबवा. अशा मुलांची छातीमागची पाठ बहुतेकदा आधीच सपाट झालेली असते, मागे वाकल्यानं ती आणखी सपाट होते. खेळ, सायकल, पोहणं मात्र बंद करू नका. त्यानं बाक सरळ होत नाही, पण दम आणि हुरूप टिकतो.

निपाणी_ब्रेस
ब्रेसबद्दल स्पष्ट सांगतो, कारण व्यायाम मिळाला की ब्रेस टाळायचा मोह होतो. २८ अंश, रिसर १, पाळी नुकतीच: उंची अजून वाढणार, तसा बाकही वाढू शकतो. अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात (२०१३) ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. दिवसाला सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त घालणाऱ्यांत ९० टक्क्यांच्या वर. म्हणून व्यायाम ब्रेसच्या जोडीला, ब्रेसऐवजी नाही.

आतून शिवण नसलेले सुती बनियन पाच-सहा घ्या. तुमच्याकडच्या पावसात कपडे वाळत नाहीत, आणि ओलसर बनियनवर ब्रेस घातला की कातडी सोलते. काढल्यावर लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक. राहिली तर ब्रेस बनवणाऱ्याला दाखवा, स्वतः पट्टे सैल करू नका.

जांबोटी_रोड
आर अक्षर उलटं आहे, फिल्म पालथीच होती. वाकवून बघितलं, उजवी बाजू वर. पुढचा एक्स-रे कधी?

पाठ_आणि_श्वास
साधारण सहा महिन्यांनी, उभं राहूनच. ब्रेस घालून की काढून, हे डॉक्टर सांगतील. ५ अंशांपर्यंतचा फरक मोजमापातलाही असू शकतो, एवढ्यावरून घाबरू नका. पण रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, पायात बधिरपणा किंवा लघवीवर ताबा कमी, यांतलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे.