पक्षी बघणाऱ्यानं पहिला कॅमेरा सुपरझूमच घ्यावा, मिररलेसच्या नादी लागू नये

अनेरकाठ (धागा सुरू करणारा)

जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला चांगदेवच्या बाजूनं पक्षी बघायला कॉलेजची पोरं येतात. त्यातल्या एकानं मला विचारलं, "सर, वडिलांनी ८० हजार दिलेत, कॅमेरा कुठला घेऊ?" मी म्हटलं, सुपरझूम, म्हणजे जवळपासून खूप लांबपर्यंत झूम होणारी एकच पक्की बसवलेली लेन्स असलेला कॅमेरा. शेजारी उभ्या असलेल्यांनी लगेच त्याला बाजूला घेतलं. लेन्स बदलता येणारा मिररलेसच घे, सुपरझूमचा सेन्सर (आतली प्रकाश टिपणारी पट्टी) नखापेक्षा लहान, फोटो रटाळ येतात, वगैरे. पोरगं गोंधळून घरी गेलं. जिथं विचारावं तिथं हाच सल्ला मिळतो आणि मला तो चुकीचा वाटतो, म्हणून हा धागा.

तेवढ्या पैशात नवी मिररलेस घेतली तर काय हातात येतं? बॉडी आणि सोबतची किट लेन्स, १८-४५ मिलिमीटरची किंवा तशीच एखादी. हा आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं. हतनूरला बदकं काठापासून दीडशे-दोनशे मीटरवर असतात. ४५ मिलिमीटरला चक्रवाकाची जोडी म्हणजे पाण्यावरचे दोन भगवे ठिपके. पक्ष्यांसाठी टेली लेन्स वेगळी घ्यावी लागते आणि ती बॉडीच्या तोडीस तोड पैसे मागते. "पुढच्या वर्षी घेऊ" म्हणत पोरं मित्रांचे वाढदिवस काढत बसतात. हिवाळा निघून जातो, पट्टकदंब परत जातात.

निकॉन पी९५० घ्या. २४ ते २००० मिलिमीटर एकाच लेन्समध्ये, डायलवर पक्ष्यांसाठी वेगळा मोड, रॉ फाइलही मिळते, म्हणजे नंतर संगणकावर सुधारता येणारी कच्ची फाइल. पहिल्या दिवसापासून पोरगं थापट्या आणि तलवार बदक फोटोवरून वेगळं ओळखायला लागतं. शिकायचं तर हे शिकायचं आहे.

धुळेकर

सर, आदर ठेवून सांगतो, साफ असहमत.

आर५० किंवा आर१० सारख्या कॅननच्या मिररलेसचा सेन्सर २२.३ × १४.९ मिमी. पी९५०चा साधारण ६.२ × ४.६. क्षेत्रफळात जवळपास बारा पट फरक. ढग आले, संध्याकाळ झाली, सागाच्या रानात शिरलात की सुपरझूमचा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) चढतो आणि पिसं पुसून जातात. जिथं पिसांवरून पक्षी ओळखायचा तिथंच कॅमेरा माघार घेतो.

आणि "सुपरझूम हलका" हे तर कोणी बोलूच नये. पी९५० भरतो १००५ ग्रॅम. आर५० ३७५ आणि आरएफ १००-४०० लेन्स ६३५, मिळून १०१०. गळ्यात सारखंच ओझं.

पैसे कमी असतील तर जुनी बॉडी घ्या, पण लेन्स बदलता येईल असाच कॅमेरा घ्या. बॉडी जुनी झाली तरी लेन्स राहते. सुपरझूमची झूम मोटर गेली की अख्खा कॅमेरा गेला. माझ्या ओळखीतल्या एकाचा वॉरंटी संपल्यावर असाच अडकला. दुरुस्तीचा खर्च ऐकून त्यानं तो कपाटात ठेवून दिला.

रावेरची केळी

ते बरोबर बोलताहेत. आमच्याकडे भावानं सुपरझूम घेतला, चंद्राचे फोटो काढले, घरच्यांना दाखवले आणि संपलं.

अनेरकाठ

धुळेकर, सेन्सरचा आकडा बरोबर आहे, पण दूरच्या पक्ष्याला तो लावून चालत नाही. सगळी चर्चा इथंच चुकीच्या वाटेला लागते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पक्ष्यावरून निघालेला किती प्रकाश कॅमेऱ्यात शिरतो हे लेन्सचं तोंड किती रुंद, यावर ठरतं. हिशोब सोपा आहे: खरी फोकल लेंथ (तोच मिलिमीटरचा आकडा) भागिले लेन्सवर लिहिलेला एफ-नंबर. पी९५०वर २००० लिहिलंय ते ३५ मिमी फिल्मच्या मापातलं. खरी लेन्स ३५७ मिमीची, टोकाला एफ ६.५. भागाकार येतो ५५ मिमी. तुम्ही सांगितलेली १००-४०० टोकाला एफ ८. ४०० भागिले ८ म्हणजे ५० मिमी.

म्हणजे त्याच काठावरून, त्याच बदकाचा, त्याच शटरला पी९५० कणभर जास्तच प्रकाश घेतो. ३५७ आणि ४०० मध्ये फरक तो किती? बदकाची प्रतिमा दोन्हीकडे जवळपास तेवढ्याच आकाराची पडते. मिररलेसमध्ये ती मोठ्या सेन्सरच्या मधल्या तुकड्यावर पडते आणि बाकीचा सेन्सर नुसतं पाणी टिपत बसतो. तो बारा पटीचा फायदा पाण्याला मिळतो, बदकाला नाही.

नंतर क्रॉप करावंच लागतं. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून २००० मिमीएवढी चौकट कापली की हातात अडीच मेगापिक्सेल उरतात.

सोनीचा आरएक्स१० मार्क ४ बघा. सेन्सर एक इंची, पी९५०च्या चौपट. लेन्स खरी २२० मिमी, एफ ४. भागाकार पुन्हा ५५! तीन कॅमेरे, तीन वेगळे सेन्सर, आणि दूरच्या पक्ष्याकडून येणारा प्रकाश जवळजवळ सारखा.

भुसावळ जंक्शन

मग खिशात मावणारा ४०एक्सवालाही चालेल का सर? कॅननचा एसएक्स७४० मिळतोय. ३०० ग्रॅमच्या आत आहे. रेल्वेच्या नोकरीत मोठा कॅमेरा सोबत बाळगणं होत नाही.

अनेरकाठ

तोच भागाकार करा दादा. त्याची खरी लेन्स १७२ मिमी, एफ ६.९. तोंड २५ मिमी. व्यास निम्मा झाला की प्रकाश पाव होतो. भर उन्हात झाडावर बसलेला नीलपंख मिळेल, संध्याकाळचं काही मिळणार नाही. शिवाय त्याला व्ह्यूफाइंडर नाही, स्क्रीनवर बघूनच काढावं लागतं. आपल्याकडच्या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही. कॅमेरा सोबत असावा एवढ्यासाठी घ्यायचा तर जरूर घ्या. पी९५०ला पर्याय म्हणून नको.

धुळेकर

हिशोब मान्य आहे, तो मुद्दा आकड्यांसकट इतक्या स्वच्छ मांडलेला मी पहिल्यांदाच वाचला. पण त्याच हिशोबाची दुसरी बाजूही सांगा ना. लेन्सचं तोंड सारखं तर बारकावा दाखवायची ताकदही सारखी. एफ ६.५ ला एवढ्याशा सेन्सरवर १६ मेगापिक्सेल कोंबले की त्यातले बरेचसे नुसते भरतीचे असतात. तुमचे १६ आणि माझे अडीच यांत दिसतं तेवढं अंतर नाही.

आता खरी अडचण, फोकस. हतनूरला कैकर पाण्यावर घिरट्या घालतो, पाय पुढे काढतो आणि सूर मारतो. पी९५० हा कॉन्ट्रास्टवर फोकस करणारा कॅमेरा. फोकस पुढेमागे करत तो शोधत राहतो, तोवर कैकर मासा घेऊन गेलेला असतो. समजा लागला फोकस. सेकंदाला ७ प्रमाणे १० फोटो काढून तो थांबतो आणि कार्डावर लिहीत बसतो. आर५० पक्षी ओळखून त्याच्या डोळ्याला धरून ठेवतो. आमच्यासारखे लोक उडत्या पक्ष्यासाठी तासन्तास उभे राहतात, आमच्यासाठी प्रश्न इथंच संपतो.

आणि बगळा. काळ्या पाण्यावर पांढरा बगळा सुपरझूमनं काढून बघा, पाठीची सगळी पिसं नुसता पांढरा डाग होतात. मोठ्या सेन्सरच्या रॉ फाइलमध्ये ती परत आणता येतात.

पायवाट सातपुड्याची

दोघांचंही ऐकलं. मी वेगळ्या कारणानं सुपरझूमच्या बाजूचा आहे.

रानपिंगळा. १८८४ नंतर शंभराहून जास्त वर्षं त्याची खात्रीची नोंद नव्हती, सगळ्यांनी तो संपला असं धरलं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो आपल्या शहाद्याजवळ दिसला. जगभरातून लोक त्यासाठी खान्देशात आले. आज त्याला धोका जंगलतोडीचा आहेच, पण फोटोवाल्यांचाही आहे. ४०० मिमीच्या लेन्सवाला "अजून दोन पावलं, अजून दोन पावलं" करत ढोलीच्या झाडाखाली जाऊन उभा राहतो. कोणी मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढतं. मला हे सहन होत नाही.

हा पिंगळा दिवसा फिरणारा आहे, सकाळी उघड्या फांदीवर निवांत बसतो. लांब उभं राहून सुपरझूमनं घेतलेला फोटो ओळखीला पुरतो: बिनठिपक्याचं डोकं, शेपटीवरचे रुंद पट्टे, पांढरं पोट. नोंदीसाठी आणखी काय हवंय? बक्षिसाचा फोटो नसेल आला तर नसो. आणि कृपा करून झाडाचं ठिकाण फोटोसोबत टाकू नका.

धुळेकर

ठिकाण न टाकण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण जवळ जाण्याचा दोष लेन्सला देऊ नका. हावरट माणूस २००० मिमी घेऊनही जवळच जातो.

पायवाट सातपुड्याची

जातो, मान्य. पण नवीन पोराला पहिल्याच दिवशी लांबून चौकट भरून पक्षी दिसला की पुढे सरकायची गरज वाटत नाही. सवय तिथंच लागते. मी पोरांना घेऊन यावलच्या अभयारण्यात जातो, हा फरक डोळ्यांनी बघतोय.

नंदुरबारची लेक

तुम्ही सगळे फक्त पक्ष्यांवर बोलताय. त्या मुलाच्या वडिलांनी ८० हजार दिलेत, घरात दुसरा कॅमेरा येणार नाही. तो पक्ष्यांशिवाय काही काढणारच नाही का?

आमच्याकडे काठी गावची राजवाडी होळी असते, अक्कलकुवा तालुक्यात. रात्रभर ढोल चालतात, होळी पेटते ती पहाटे. नाचायला सजलेल्या बावा-बुध्यांच्या डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू, अंगावर राखेची नक्षी, आणि उजेड काय तो ज्वाळेचा नाहीतर एखाद्या बल्बचा. नाचणारा माणूस एका जागी राहत नाही, म्हणजे शटर वेगवान हवं. इथं सरांचाच भागाकार लावते. ५० मिमी एफ १.८ ची छोटी लेन्स, वजन १६० ग्रॅम, तोंड जवळपास २८ मिमी. तेवढ्याच चौकटीला पी९५० आणला तर त्याचं तोंड चार मिलिमीटरच्या आसपास. प्रकाशात तीस पट तरी फरक! दूरच्या पक्ष्याला जो हिशोब सुपरझूमला तारतो, तोच जवळच्या माणसाला त्याला बुडवतो.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही तेच. दत्तजयंतीला संध्याकाळी धुळीत घोडा नाचवतात, घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहतो, पाठीमागे दिव्यांच्या माळा. ही चौकट मला माझ्या मिररलेसनं दिली. बहिणीचा सुपरझूम सोबत होता, त्यातला एकही फोटो छापण्यासारखा आला नाही.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी घरात टेबलावर छोट्या वस्तू मांडून, प्रकाश हवा तसा पाडून केलेलं काम आठवा. उजेडाशी खेळायचं कोणाला शिकायचं असेल तर त्याला लेन्स बदलता यायला हवी. पोराला पहिल्याच कॅमेऱ्यात एका कामापुरतं बांधून टाकू नका सर.

अनेरकाठ

ताई, काठीच्या होळीबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. रात्रीचं आणि जवळचं काम असेल तर मिररलेस आणि ती ५०ची लेन्स, दुसरं नावच नाही.

पण धुळीचं बोललात म्हणून एक. सारंगखेड्यात उघड्यावर लेन्स बदलली की सेन्सरवर धूळ बसते आणि पुढच्या प्रत्येक फोटोत आभाळात डाग दिसतात.

नंदुरबारची लेक

बदलायचीच नाही. तिथं जाण्याआधी घरीच एक लेन्स लावायची आणि दिवसभर तीच ठेवायची. आणि सुपरझूमची नळी आत-बाहेर होताना हवा ओढते, धूळ तिच्यातही जाते. फरक इतकाच की माझा सेन्सर मला साफ करता येतो, सुपरझूम उघडायला दुकानात द्यावा लागतो.

रावेरची केळी

ताई, तुन्हं म्हननं बराबर शे.

भुसावळ जंक्शन

एक गोष्ट कोणी बोललं नाही. हिवाळ्यातही साडेदहा-अकरानंतर हतनूरला पाण्यावरची हवा थरथरायला लागते. दोनशे मीटरवरच्या बदकाची कड लाटेसारखी हलताना व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते. मित्राची भलीमोठी लेन्स आणि माझ्या मेहुण्याचा सुपरझूम शेजारी लावून बघितले, दोन्ही फोटो सारखेच फुटलेले. लोक मग कॅमेऱ्याला दोष देतात. सकाळी सात ते नऊ जा, नाहीतर पैसे खर्चूच नका.

चोपड्याचा कॉलेजकुमार

नमस्कार, तो मुलगा मीच. सगळं वाचलं. मला आमच्या कॉलेजच्या पक्षीनोंदीसाठी कॅमेरा हवाय. अनेर धरण, यावल आणि हतनूर. उडते पक्षी जमले तर जमले, आधी बसलेले नीट ओळखता आले पाहिजेत. लग्नाकार्याचे फोटो काका काढतात, त्यांच्याकडे डीएसएलआर आहे. लेन्ससाठी पुन्हा पैसे मागणं मला जमणार नाही. म्हणून सुपरझूमकडे कल आहे. धुळेकर दादा, तुम्ही काय म्हणाल?

धुळेकर

माझं मत तेच आहे, आणि कैकराच्या मागे लागशील तेव्हा तुलाही पटेल. पण तू सांगितलेल्या कामाला आणि एवढ्याच पैशात पी९५० घे, वाईट वाटून घेऊ नकोस.

घेतल्यावर एवढं कर. रॉ चालू ठेव. ऑटो आयएसओची मर्यादा ८००वर लाव. बगळा काढताना एक्स्पोजर एक पायरी खाली घे, पिसं वाचतील. २००० ला एकदम जाऊ नकोस. आधी कमी झूमला पक्षी चौकटीत धर, मग आत जा, नाहीतर नुसतं आभाळ शोधत राहशील. डिजिटल झूम मेनूत जाऊन बंद करून टाक. दुसरी बॅटरी पहिल्याच आठवड्यात घे.

नंदुरबारची लेक

आणि काकांचा डीएसएलआर होळीला मागून घे. कॅननचा असेल तर त्याला जुनी ५० एफ १.८ लाव, वापरलेली स्वस्तात मिळते. काठीला येणार असशील तर मुक्कामाची सोय आमच्याकडे आहे.