पिस्तुलाचं लायसन्स घ्यावं का? घरात वाद चालूय

कोथरूडकर: मुळशीत आमचं शेतघर आहे, तिकडे चोऱ्या वाढल्यात म्हणून दादा म्हणतो लायसन्ससाठी अर्ज करूच, अमेरिकेत हक्क आहे मग आपल्याला का नाही. वहिनीचा ठाम विरोध, घरात लहान पोरं आहेत. तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला: अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत तो हक्क आहे, आपल्या घटनेत नाहीये. इथे १९५९ चा शस्त्र कायदा, धोका खरा आहे हे पटवून द्यावं लागतं. २०१९ ला तर माणशी तीनवरून दोनच हत्यारं केली.

सह्याद्री७: मला नाही पटत. वस्तीवर पोलीस पोचेपर्यंत माणसानं काय करायचं? सरळ माणूस कागद घेऊन चकरा मारणार आणि गुंडाकडे गावठी कट्टा असतोच!

नेमबाज_बालेवाडी: अहो पण तो कट्टा बेकायदाच आहे ना, तिथे धरपकड हवी, घरोघरी पिस्तूल नको. रेंजवर आमच्याकडून पहिलं काय घोटून घेतात तर नेम लागेपर्यंत ट्रिगरवर बोट नाही, आणि झोपेतून दचकून उठलेला माणूस अंधारात हे पाळेल? वहिनींचं ऐका, आधी लाइट, कॅमेरे आणि रात्रीचा राखणदार बघा.

कोथरूडकर: निवडणुकीत हत्यार जमा करावं लागतं म्हणे?

पेठेतला: आचारसंहितेत बऱ्याच जणांना करावं लागतं, हो.