घरच्या मालिकेतले होमरन मोजताना
अल्बुकर्की आयसोटोप्स हा बेसबॉलच्या मेजर लीगमधल्या कोलोरॅडो रॉकीजचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खालचा. त्यांच्या घरच्या मालिकेत होमरनचा पाऊस पडला म्हणजे पोरं रॉकीजकडे जायला तयार झाली, असं एकाने लिहिलंय. फॉर्म चांगला आहे हे मान्य, पण हे मैदान समुद्रसपाटीपासून जवळपास 5,100 फूट उंचीवर आहे. तिथली हवा इतकी विरळ की चेंडू साधारण 5 टक्के लांब जातो. म्हणजे सखल मैदानावर कुंपणापाशी झेल देणारा 380 फुटांचा फटका इथे थेट 400 फुटांवर! शिवाय कर्व्हबॉलला (वळत खाली येणाऱ्या चेंडूला) हवेची पकड मिळत नाही, तो कमी वळतो आणि थेट बॅटवर येतो. त्यामुळे बिचाऱ्या पिचरचे (चेंडू टाकणाऱ्याचे) आकडे वाचतानाही थोडं सांभाळूनच घ्या.

खरी परीक्षा टॅकोमात, म्हणजे ट्रिपल-एच्याच दुसऱ्या एका संघाच्या सखल मैदानावर. तिथे सेंटर फील्डचं कुंपण 425 फुटांवर आहे, तेच फटके तिथे झेल होतात. आणखी एक गोष्ट: 2021 पासून मालिका बहुतेक एकाच संघाशी सहा सामन्यांची असते. तोच राखीव पिचर आठवड्यात दोन-तीनदा समोर येतो, फलंदाजाला त्याचा स्लायडर (वेगात बाजूला वळणारा चेंडू) पाठ होतो. म्हणून मी सरासरीच्या आधी फटक्याचा वेग बघते. बॅटवरून ताशी 95 मैल किंवा जास्त वेगाने किती चेंडू सुटले आणि स्ट्राइक झोनबाहेरच्या (फलंदाजाने सोडून द्यावेत अशा) चेंडूंवर किती वेळा बॅट फिरली, हे दोन आकडे उंचीमुळे फारसे फुगत नाहीत. ट्रिपल-एचे हे आकडे बेसबॉल सॅव्हंट या आकडेवारीच्या वेबसाइटवर फुकट मिळतात.