विजयाचं तेल, खाला आणि हराम-हलाल

दर्यावर्दी: माझ्या खालाला (मावशीला) कॅन्सरच्या दुखण्यावर वैद्यांनी विजयाचं तेल दिलंय. विजया म्हणजे भांगच. रात्री जिभेखाली दोन थेंब, की झोप लागते. पण बाटली ती ओट्याखाली फिनेलशेजारी ठेवते. नमाज पढते त्या खोलीत आणूच देत नाही. कुराणात दारूचं (खम्र) नाव आहे, गांजा-भांगेचं कुठेही नाही. मग एवढी शिवाशिव कशाला?

मुसाफिर७१: नाव नाही म्हणून सुटका नाही. "प्रत्येक मादक वस्तू खम्र, आणि प्रत्येक खम्र हराम" ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, 'सहीह मुस्लिम' या संग्रहात आहे. जे जास्त घेतल्यावर चढतं ते थोडंही हराम, हीसुद्धा हदीसच. धर्मपंडित इब्न तैमिया (मृत्यू १३२८) तर हशीशला, म्हणजे भांग-गांजाला, दारूचीच शिक्षा, ८० किंवा ४० फटके, लावा म्हणतात. आज दोन थेंब, उद्या चिलीम.

खारवी: चिलीम? आजारी बाईबद्दल बोलतोय आपण, जरा तारतम्य ठेवा.
तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. नशेसाठी हशीश हराम, यावर चारही मजहबांच्या (सुन्नी कायद्याच्या पंथांच्या) बहुतेक फकिहांचं (कायदेपंडितांचं) एकमत, मान्य. भांडण पुढे आहे. कैरोचे मालिकी मजहबाचे फकीह अल-कराफी (मृत्यू १२८५) म्हणतात, हशीश दारूसारखी 'मुस्किर' (झिंग आणणारी) नाही, ती बुद्धी बिघडवणारी, 'मुफ्सिद'. म्हणून फटके नाहीत, काझी देईल ती शिक्षा (ताजीर). ती नजिस (नापाक) ही नाही, म्हणजे खिशात असली तरी नमाज होते. आणि बुद्धीवर परिणाम न करणारी थोडी मात्रा चालते. आपण कोकणातले मुसलमान शाफई मजहबाचे. आपल्या मजहबाच्या इमाम नववींनीही अशा वनस्पती खायला हराम, पण पाक धरल्यात. बाटली फिनेलशेजारी ठेवायचं कारणच उरत नाही.

पारावरचा: बाबर स्वतःच माजून (नशेचा गोड पाक) खाल्ल्याचं लिहून गेलाय की!

मुसाफिर७१: बाबर काय मुफ्ती होता? तो दारूही प्यायचा.
खारवीभाई, कराफींची ती सवलत मजेसाठी नाही, एवढं तरी लिहा. मोरोक्कोत मालिकी मजहबच आहे, आणि २०२१च्या कायद्याने तिथे औषध-उद्योगापुरतीच लागवड खुली केली, ओढायला नाही.

खारवी: तेच तर म्हणतोय! मोरोक्कोतल्या रीफच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या कीफ (गांजा) पिकवणारा शेतकरी पोलिसांना घाबरून जगायचा. २०२४मध्ये राजाने अशा ४,८३१ जणांना माफी दिली. औषध आणि नशा यांत फरक करता येतो, मालिकी मुलखातही.

मुसाफिर७१: औषधाला माझी ना नाही. दुसरा इलाज चालत नसेल आणि जाणकार डॉक्टर सांगत असेल, तर घ्या. पण "कुराणात नाव नाही" हा मुद्दा मागे घ्या. त्याच वाक्यावर आमच्या गल्लीतली पोरं बिघडली.

दर्यावर्दी: घेतला मागे. कराफींचं खालाला वाचून दाखवलं. "मालिकींचं मला काय सांगतोस," म्हणाली. मग नववींचं सांगितलं. बाटली ओट्याखालून फ्रीजवर आलीय. नमाजाच्या खोलीत अजून नाही.