वारूळ फोडणारा रात्रीचा पाहुणा
एकाने विचारलंय की वाळवीच्या वारुळाला रात्रीत एवढं भगदाड कोण पाडतं आणि फासकी लावावी का. फासकी नकोच, कळकळीने सांगतो! ते बहुधा खवले मांजर, म्हणजे अंगभर खवले असलेलं पँगोलिन असणार. आमच्या कोकणातल्या वाडीतही येतं. वारूळ उकरलेलं, ताजी माती मागे ढकललेली, नारळाच्या रोपांना मात्र धक्का नाही. रोप बुंध्याशी कुरतडलेलं असेल तर साळिंदर. खवले मांजर मुंग्या-वाळवीच खातं, त्याला दातच नसतात. घाबरलं की अंगाचं वेटोळं करून पडून राहतं, म्हणूनच शिकाऱ्याच्या हाती अलगद लागतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. रात्री कुत्रे बांधून ठेवा. जखमी दिसलं तर हात न लावता वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.